पुराची रेघ

तात्यांनी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरी केली, आणि त्यातली बहुतेक सातारा–सांगली या एकाच रस्त्यावर. उंब्रज, कराड, पेठनाका, आष्टा. कुठल्या थांब्यावर सुट्ट्या पैशांवरून भांडण होणार, हे त्यांना गाडी उभी राहण्याआधी कळायचं. "सातारा आणि सांगली हे वेगळे जिल्हे आहेत, हे मी मानतच नाही," असं ते म्हणत. "माझ्या जन्माच्या वेळी सांगलीला दक्षिण सातारा म्हणायचे. १९६० साली पाटी बदलली, एवढंच."

त्यांची दोन मुलंही त्या पाटीच्या दोन बाजूंना राहिली. थोरला साताऱ्यात, लेक सांगलीत. तात्या थोरल्याकडे असायचे. गेल्या आषाढात न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण तात्यांना उठवायला दोन माणसं लागू लागली. थोरला आणि सून दोघंही नोकरीला. लेकीच्या दोन खोल्यांत आधीच सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. वृद्धाश्रम हा शब्द महिनाभर सगळ्यांच्या ओठांवर होता, पण कुणी तो उच्चारला नाही. शेवटी तात्यांनीच उच्चारला.

"मला कुठं न्यायचं ते एकदा ठरवा बाबांनो. एकाच कुशीवर पडून पाठ सोलपटायला लागलीय."

मग भावंडांचं भांडण जुंपलं. थोरल्यानं साताऱ्याबाहेर एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. व्हरांड्यात बसलं की समोर अजिंक्यतारा. लेकीनं सांगलीत, कृष्णेच्या अंगाला, पुराचं पाणी शिरतं त्या भागात एक बघितला होता. फोनवर दोघांचे आवाज चढले. तेव्हा तात्या म्हणाले, "मेट्रनबाईंना बोलवा."

मेट्रनबाई म्हणजे मुलांची मावशी, आईची धाकटी बहीण. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत दवाखाना काढला आणि तेव्हापासून ते गाव आसपासच्या चार जिल्ह्यांचं औषधपाण्याचं गाव झालं. त्याच गावातल्या दवाखान्यांत मावशीची चौतीस वर्षं गेली, शेवटची नऊ मेट्रन म्हणून. आता वय ६८, पण चाल अजून वॉर्डातलीच.

मावशीनं दोघांचं ऐकून घेतलं. "मी दोन्हीकडं जाऊन येते. पण कळवून जाणार नाही आणि सकाळीही जाणार नाही. सकाळी सगळीच घरं सारवलेली असतात."

ती आधी साताऱ्याच्या आश्रमात गेली, दिवेलागणीला. पिशवीत अर्धा किलो कंदी पेढे. "आमचे दाजी यायचे आहेत, जागा बघायची होती," एवढंच सांगितलं.

व्यवस्थापक तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं काही लपवलं नाही. फरशी लख्ख, चादरी पांढऱ्या, भिंतींना नवा रंग. स्वयंपाकघरात दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ मेथी, वरण. मावशीनं चव घेतली आणि जेवणाला मनातल्या मनात दहापैकी नऊ गुण दिले. मग ती खोल्यांतून फिरली. प्रत्येक खाटेच्या नावाचा तांब्या होता, भरलेला, वर झाकण. पण तांब्या खिडकीत आणि खाट चार हात लांब. म्हातारपणी तहान कमी लागते. लागलीच, तर उठवत नाही. पाणी कमी पडलं की माणूस बरळायला लागतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. मावशीनं काही न बोलता एक तांब्या उचलून उशाशी ठेवला. त्या खाटेवरच्या आजींनी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि त्या पाणी प्यायल्या नाहीत.

एकंदरीत फार शांतता होती. वीस-बावीस म्हातारी माणसं आणि एकाचीही कुरकूर नाही.

"मला चार वह्या बघायच्यात," मावशी म्हणाली. "पडल्याची, वजनाची, कूस बदलल्याची आणि तक्रारीची."

व्यवस्थापकाचा चेहरा खुलला. अशी विचारपूस करणारं कुणी आलंच नव्हतं. "पडल्याची नोंद तीन वर्षांत एकही नाही, बाई. बघा, शून्य. तक्रारवही ही." वहीवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

कूस बदलण्याचा तक्ता खाटेच्या पायथ्याशी टांगलेला होता. जो स्वतः वळू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाला, खुब्याला, टाचेला बेडसोर होतात. तक्त्यावर दर दोन तासांच्या रकान्यात बरोबरची खूण होती. एकाच निळ्या पेनाची, एकाच तिरकेपणाची. मावशीनं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. साडेसहा वाजले होते. तक्त्यावर रात्री दहापर्यंतच्या खुणा होऊन गेल्या होत्या.

तिनं आजींच्या पायांवरची चादर बाजूला केली. टाचेवर रुपयाएवढा लाल डाग. त्यावर अंगठा दाबला आणि उचलला. निरोगी कातडीची लाली दाबली की क्षणभर पांढरी पडते. ही लालच राहिली.

निघताना व्हरांड्यात एक आयाबाई पाणी भरत होती. मावशीनं हळूच विचारलं, "कुणी पडलं तर काय करता गं?"

ती इकडं-तिकडं बघून म्हणाली, "उचलायचं आन् गप बसायचं, बाई. लिवलं की त्या दिवसाचा रोज जातो."

मावशी पुन्हा आत गेली. आयाबाईला बोलावून तिनं आजींच्या पोटरीखाली घोंगडीची घडी ठेवली, टाच अधांतरी राहील अशी, आणि तसं का करायचं ते समजावलं. मग तक्रारवहीचं प्लास्टिक फाडलं आणि पहिल्या पानावर लिहिलं : तारीख, वेळ, खाट, टाचेवर लाली, दाबून जात नाही. खाली सही केली.

"आठ दिवसांनी परत येते," ती व्यवस्थापकाला म्हणाली. "टाच सुधारली नसली तर १४५६७ ला फोन लावीन. ज्येष्ठांसाठीचाच नंबर आहे तो. आणि एक सांगते. लिहिणाऱ्याचा रोज कापू नका. तुम्ही पडणं थांबवलेलं नाही, लिहिणं थांबवलंय."

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या तिकिटात सांगलीला गेली.

इथं दारातच आवाज कानावर आला. पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरून दोन आजोबा हमरीतुमरीवर आले होते, आणि एक आजी स्वयंपाकीणबाईला आमटीवरून जाहीर शिव्या देत होत्या. न्हाणीतला नळ गळत होता. फिनेलच्या वासाखाली दुसराही वास होता. भात चिकट, आमटी पातळ. मावशीनं जेवणाला सहा गुण दिले, तेही हात सैल सोडून. मात्र आजींनी शिव्या देताना एकदाही दाराकडे बघितलं नाही, हे तिच्या ध्यानात राहिलं.

आश्रम चालवणाऱ्या ताई बाकड्यावर बसून कुणाची तरी नखं कापत होत्या. जागेवरूनच म्हणाल्या, "बसा जरा, एक हात राहिलाय."

मावशी बसली. समोरच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला निळ्या ऑइलपेंटची आडवी रेघ होती आणि तिच्यावर लिहिलं होतं : ऑगस्ट २०१९. सांगलीत अशा रेघा नव्या नाहीत. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ची.

"रंग देताना रंगारी म्हणाला, पुसून टाकतो," ताई म्हणाल्या. "मी म्हटलं, हात लावायचा नाही. त्या वर्षी आम्ही चुकलो. पाणी उतरेल, उतरेल म्हणत बसलो. नऊ जणांना खुर्चीसकट उचलून बोटीत घालावं लागलं. त्यानंतर नियम केला, या रेघेच्या खाली कुणाची खाट असायची नाही. खाली फक्त स्वयंपाक, जेवण आणि कचेरी. वर जायला उतार बांधून घेतला. आधी कुणाला उचलायचं, त्याची यादी दारामागं लावली. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा पुलावर इशाऱ्याचे ४० फूट लागायच्या आत आमची सगळी माणसं वरच्या अंगाच्या मंगल कार्यालयात जेवायला बसली होती."

मावशीनं इथंही चार वह्या मागितल्या. ताईंनी कपाळाला हात लावला. "बघा, पण अक्षर लागायचं नाही."

पडल्याच्या वहीत गेल्या वर्षाच्या अकरा नोंदी होत्या. प्रत्येकीला पाच रकाने. कोण, कधी, कुठं, का, आणि शेवटचा : पुढं काय केलं. अकरापैकी सात जण पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान, संडासला उठताना पडले होते. त्यातल्या सहाव्या नोंदीपुढं लिहिलं होतं : वाटेवर रात्रभर लाल दिवा, भिंतीला धरायला नळी, आणि रात्रीच्या मामांनी दोन वाजता ज्यांना जायचं असतं त्यांना स्वतः उठवून नेणं. त्यानंतरच्या चार महिन्यांत रात्रीची एकच नोंद होती.

वजनाच्या वहीत एका आजींच्या नावाभोवती लाल गोल. दोन महिन्यांत तीन किलो घट. पुढं : कवळी सैल झालीय, चावता येत नाही, म्हणून जेवत नाहीत, मिरजेला नेऊन बसवून आणली. पुढच्या महिन्यात सव्वा किलो वाढ.

तक्रारवही तर फाटायला आली होती. "आमटीत पाणी." "रात्रीचा मामा खेकसतो." त्याच्यापुढं : समज दिली. महिन्याभरानं पुन्हा तेच. पुढं : कामावरून कमी केलं. आणि एके ठिकाणी थरथरत्या अक्षरात : "ताई फार बोलतात." त्याच्यापुढं ताईंच्याच हातचं : खरं आहे.

मावशी हसली. मग गळका नळ, वास आणि आमटी, तिन्हींबद्दल तिनंही एक नोंद केली.

रविवारी सगळे साताऱ्यात जमले. तात्यांच्या खाटेभोवतीच. मावशीनं जे बघितलं ते जसंच्या तसं सांगितलं, नऊ गुणांच्या जेवणासकट.

थोरला म्हणाला, "मावशी, मला हिशेब कळत नाही बघ. एकीकडं तीन वर्षांत शून्य, दुसरीकडं एका वर्षात अकरा. पडूनच तर तात्यांची ही दशा झाली. आणि मी त्यांना अकरावाल्याकडं पाठवू?"

"शून्य कुणाचं खरं असतं?" मावशी म्हणाली. "वीस-बावीस म्हातारी माणसं, त्यातली निम्मी काठीवर. तीन वर्षांत कुणीच पडत नाही, असं घर मी चौतीस वर्षांत बघितलं नाही. तिथं माणसं पडत नाहीत असं नाही, नोंदी पडत नाहीत."

"पण सरकार तपासतं की!"

"तपासतं, आणि तपासलंच पाहिजे. १९९५ ला सरकारनं मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. २००७ चा कायदा तर सांगतो, प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार ज्येष्ठांना पुरेल असा निदान एक आश्रम असावा. पण बाहेरून आलेला माणूस खाटा मोजेल, संडास मोजेल, डॉक्टर येतो का विचारील. रात्री दोन वाजता कूस बदलली का, हे त्या घरानं स्वतःलाच खरं सांगितलं असेल तरच कळतं."

सून म्हणाली, "म्हणजे सगळं कागदावरच?"

"कागदावर नाही गं. कागद खरा आहे का, यावर." मावशी थोडा वेळ थांबली. "आम्हाला शिकवताना नाइटिंगेलबाईंची गोष्ट सांगायचे. १८५४ साली त्या युद्धावरच्या इस्पितळात गेल्या, रात्री दिवा घेऊन फिरायच्या. तो दिवा सगळ्यांना आठवतो. पण त्यांनी वहीही धरली होती, किती शिपाई मेले आणि कशानं मेले. त्या आकड्यांतून दिसलं, की जखमांपेक्षा रोगराईनंच जास्त मेले, इस्पितळाच्या घाणीमुळं. आपल्याच घराची लाज आपल्याच वहीत लिहायची, याला दिवा धरण्यापेक्षा मोठी छाती लागते."

थोरला गप्प बसला, पण मान हलली नाही. तेव्हा इतका वेळ छताकडे बघत पडलेले तात्या बोलले.

"पोरा, जत्रेच्या दिवशीची फेरी. गाडीत ऐंशी माणसं, दारात लोंबकळणारी वेगळी. तिकिटं फाडतोय, सुट्टे देतोय, घंटी मारतोय. डेपोत आल्यावर पिशवीतली रोकड आणि वेबिलावरचा तिकिटांचा हिशेब दोन-चार रुपयांनी हलणारच. कमी आली की पदरचे भरायचे. मी कितींदा भरलेत. पण एक कंडक्टर होता, त्याचं वेबिल वर्षभर एका रुपयानं हललं नाही. तपासनीस आधी त्याच्याच गाडीत चढायचा." तात्यांनी दम घेतला. "माणूस चुकतो रे. जे कधीच चुकत नाही, ते वेबिल घरी बसून लिहिलेलं असतं. मला सांगलीला ने."

असं तात्यांचं सांगलीला जायचं ठरलं.

भरती करताना ताईंनी थोरल्यापुढं पाचवी वही ठेवली. भेटीची. "चार वह्या आमच्या," त्या म्हणाल्या, "ही तेवढी तुमची." थोरल्यानं पानं चाळली. काही नावांपुढं दर आठवड्याच्या सह्या होत्या. काही नावांपुढं दोन-दोन दिवाळ्या कोऱ्या गेल्या होत्या. त्यानं ठसठशीत अक्षरात लिहिलं : एक रविवार सोडून एक रविवार. सही केली.

आठ दिवसांनी मावशी ठरल्याप्रमाणं साताऱ्याच्या आश्रमात गेली. टाचेची लाली उतरली होती, तांब्या उशाशी आला होता. तक्त्यावरच्या खुणा मात्र तशाच एकसारख्या. ती काही बोलली नाही, फक्त तक्रारवहीत दुसरी नोंद केली. दोन महिन्यांनी त्या तरुण व्यवस्थापकाचा फोन आला. आवाज ओशाळलेला. "बाई, पडल्याच्या वहीत या महिन्यात चार नोंदी झाल्यात. संस्थेचे लोक रागावलेत. पण आयाबाईंचा रोज कापायचा मी बंद केलाय."

"अभिनंदन," मावशी म्हणाली. "आता कुठं आश्रम सुरू झाला तुमचा."

इकडं सांगलीत तात्या वॉकर धरून उतारावरून खाली यायला लागले. आमटीबद्दल त्यांनी तक्रारवहीत तीनदा लिहिलं. मग लेकीकडून एक दोनशे पानी वही मागवली आणि पट्टीनं रेघा मारून तिचं वेबिल केलं. भेटीचा प्रत्येक रविवार म्हणजे एक फेरी. सातारा–सांगली, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, प्रवासी किती.

पहिले दोन महिने फेऱ्या वेळेवर धावल्या. मग थोरल्याचं ऑफिस वाढलं, एक लग्न निघालं, एकदा पाऊस. मार्गशीर्षातल्या एका रविवारी तो आला, तो दीड महिन्यानं. हातात कंदी पेढ्यांचा पुडा, नेहमीपेक्षा मोठा. तात्या खाली जेवणघरात, निळ्या रेघेसमोरच्या बाकड्यावर बसले होते. वही मांडीवर उघडी होती. थोरल्यानं वाकून बघितलं. मागच्या दोन फेऱ्यांपुढं लाल अक्षरात लिहिलं होतं : रद्द.

"तात्या, ते कशाला लिहिलंय? ऑफिसात हिशेबतपासणी होती. इथं कोण बघणार आहे ही वही? खोडा की ते."

तात्यांनी पेढा तोंडात टाकला आणि समोरच्या भिंतीकडे हनुवटीनं खूण केली.

"ती रेघ पुसली असती ना, तर भिंत झकास दिसली असती. खाटा मात्र अजून खालीच असत्या."

थोरला बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. तात्यांनी वही त्याच्याकडे सरकवली. 'रद्द'च्या पुढं त्यांनी, ताईंच्या वहीत बघून, पट्टीनं नीट आखलेला आणखी एक रकाना होता : पुढं काय केलं.

"मोकळा आहे तो," तात्या म्हणाले. "माझ्यानं भरायचा नाही."

थोरल्यानं खिशातून पेन काढलं.